रमजानमध्ये अम्मीला घेऊन कल्याण ते हावडा: इफ्तारीची वेळ, जेवण, नमाज कसं जमवायचं?

कृष्णाकाठची

अस्सलामु अलैकुम, सगळ्यांना नमस्कार. रमजानच्या पहिल्या पंधरवड्यात, म्हणजे मार्चच्या सुरुवातीला, मी आणि माझ्या सासूबाई (आम्ही सगळे अम्मीच म्हणतो) गीतांजली एक्सप्रेसने कल्याणहून हावड्याला चाललोय. नणंदेला बाळ झालंय, तिचे मिस्टर तिकडेच नोकरीला आहेत, आणि अम्मीला नातवाचं तोंड बघायचंय, ईदपर्यंत थांबायला त्या अजिबात तयार नाहीत. थर्ड एसीची तिकिटं कन्फर्म आहेत, एक लोअर एक मिडल. दहा दिवस राहून विमानाने परत यायचंय, संध्याकाळी साडेपाचची फ्लाइट मिळालीय म्हणजे इफ्तारी बहुतेक विमानातच होणार.

मी मूळची कराडकडची. आमच्या गावात बकरं मुलाणीच, म्हणजे आमच्यातलाच माणूस, कापतो, मग ते मराठ्यांच्या घरचं असू दे नाहीतर जत्रेचं, त्यामुळे मटण कुठलं नि कुणी कापलं हा प्रश्न मला लग्न होऊन पनवेलला येईपर्यंत कधी पडलाच नव्हता. आता एवढ्या लांब रेल्वेने, ते पण रोजे असताना, पहिल्यांदाच चाललेय आणि जबाबदारी सगळी माझ्यावर. अम्मींना शुगर आहे, गोळ्या चालू आहेत, इन्सुलिन नाही. डॉक्टर रोजा ठेवू नका असं म्हणाले नाहीत पण काळजी घ्या म्हणाले. त्या काही रोजा सोडणाऱ्यातल्या नाहीत.

विचारायचंय असं की गाडीत इफ्तारी आणि सेहरी (रोजा सुरू व्हायच्या आधीचं पहाटेचं जेवण) नक्की कुठल्या वेळेने धरायची, आमच्या मशिदीचा टाइमटेबल चालेल का? पॅन्ट्रीतलं चिकन हलाल असतं का, की सरळ व्हेज खायचं? नमाजचं कसं करता, विशेषतः बायका? आणि विमानात काय? कुणी रमजानमध्ये असा लांबचा प्रवास केला असेल तर जरा सविस्तर सांगा प्लीज.

रेल्वेवेडा_भुसावळ

ताई, रोजाचं धार्मिक मला सांगता येणार नाही, ते इथले जाणकार सांगतीलच, पण वेळेचं आणि गाडीचं सांगतो कारण तुमचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तोच आहे.

पनवेलचा टाइमटेबल गाडीत चालणार नाही. तुम्ही सरळ पूर्वेकडे चाललाय, आणि पूर्वेला सूर्य आधी उगवतो आधी मावळतो, घड्याळ मात्र सगळ्या देशाचं एकच. हिशोब सोपा आहे, रेखांश एक अंश पुढे गेलं की चार मिनिटं. मुंबई ७३ अंशाच्या जवळ, वर्धा साडे७८, म्हणजे वर्ध्याला सूर्यास्त मुंबईपेक्षा वीस-पंचवीस मिनिटं आधी. गाडी वेळेवर असेल तर सूर्य मावळायच्या सुमाराला तुम्ही वर्ध्याच्या आसपास असाल, नागपूर त्याच्यानंतर येतं. पहाटे तर फरक आणखी मोठा, तेव्हा गाडी छत्तीसगड ओलांडून झारसुगुड्याच्या अलीकडे-पलीकडे असते, म्हणजे जवळजवळ ८४ अंश, तिथे पहाट पनवेलपेक्षा पाऊण तास आधी होते. घरच्या वेळेने जेवत बसलात तर बाहेर उजाडायला लागलेलं असेल. आणि कोलकात्यात पोचल्यावर हा फरक तासाभराचा होतो. फोनमध्ये लोकेशनवरून वेळ दाखवणारं ॲप असेलच, पण जंगलपट्ट्यात नेटवर्क जातं त्यामुळे वर्धा, नागपूर, रायपूर, बिलासपूर, झारसुगुडा, राउरकेला एवढ्या गावांच्या वेळा आधीच कागदावर लिहून घ्या, आणि गाडी लेट झाली तर जिथे असाल त्याच्या जवळच्या गावाची वेळ धरा.

आता गाडीतल्या बारीकसारीक गोष्टी. रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंगचे पॉइंट बंद ठेवतात बऱ्याच गाड्यांत, तुमचा सेहरीचा अलार्म नेमका त्यातच येतो, तर झोपायच्या आधी फोन फुल करा किंवा पॉवर बँक ठेवा. मिडल बर्थ रात्री १० ते सकाळी ६ लावायचा नियम आहे, त्यामुळे पहाटे चार-साडेचारला खालच्या बर्थवर ताठ बसून जेवायचं म्हटलं तर डोकं लागतं. पण तुमच्या बाबतीत मिडल बर्थ तुमचाच आहे ना, मग सेहरीच्या वेळेला तो खाली पाडून दोघी आरामात बसा, कुणाला त्रास नाही. पुढच्या वेळी मात्र दोघींचाही लोअर मागा, ४५ च्या वरच्या बायकांना शिल्लक असेल तर सिस्टीम आपोआप खालचा देते. इलेक्ट्रिक किटली अजिबात नेऊ नका, गाडीत वापरायला बंदी आहे आणि त्या पॉइंटला तेवढा लोड झेपत पण नाही, खरंच आग लागू शकते. मोठा चांगला थर्मास घ्या, नागपूरला पॅन्ट्रीतून किंवा स्टॉलवरून गरम पाणी भरून घेता येतं.

दर पण सांगून ठेवतो, गाडीत व्हेज जेवण ८० रुपये, स्टेशनवर तेच ७०. रेल नीरची लिटरची बाटली १४. जास्त मागितले तर बिल मागा, बिल देत नसेल तर पैसे द्यायचे नाहीत असा रेल्वेचाच नियम आहे. १३९ ला फोन लावला किंवा रेल मदत ॲपवर टाकलं की चालू गाडीतच माणूस येतो.

दाभोळ_खाडी

वालेकुम सलाम ताई. मी दापोलीकडचा, कोकण रेल्वे आणि केरळच्या गाड्यांनी कामानिमित्त सारखा फिरतो, रमजानमध्ये पण.

पॅन्ट्रीचं स्पष्ट सांगतो. रेल्वे हलालची कुठलीही हमी देत नाही. तुम्ही वेटरला विचाराल "हलाल आहे ना?" तर तो हो म्हणणार, त्याला ते माहीतच नसतं आणि पुढच्या डब्यात जायची घाई असते, त्यात त्याचा पण दोष नाही. म्हणून मी गाडीत चिकन घेतच नाही. व्हेज नाहीतर अंडं, विषय संपला. इ-केटरिंगवरून, म्हणजे स्टेशनजवळच्या हॉटेलातून सीटवर मागवायचं असेल तर तिथे हॉटेलचं नाव दिसतं, पीएनआर टाकून किंवा १३२३ ला फोन करून ऑर्डर देता येते, तर ऑर्डरच्या आधी त्या हॉटेललाच फोन लावा आणि "हलाल आहे का" असं न विचारता "चिकन कुणाकडून येतं, दुकान कुठलं" असं विचारा. ज्याचं खरं आहे तो लगेच नाव सांगतो. ज्याला सांगता येत नाही तिथे पनीर.

याच्यावर माझं एक ठाम मत आहे ते पण लिहितो. जैन जेवण मागितलं तर मिळतं, कांदा-लसूण नको म्हटलं तर मिळतं, आणि ते मिळायलाच पाहिजे, पैसे देणाऱ्याला आपल्या ताटात काय आहे ते कळलंच पाहिजे. मग मांसाचं पण तेवढंच लिहा ना. हलाल असेल तर हलाल लिहा, झटका असेल तर झटका लिहा, शीख प्रवाशालाही ते कळायला हवंय. कुणावर काही लादायचा प्रश्नच नाही, पाकिटावर एक ओळ वाढवायची आहे. ती ओळ नाही म्हणून आमच्यासारखे कितीतरी लोक पूर्ण पैसे देऊन अर्धा मेनू सोडून देतात.

पॅकेटबंद खाऊसाठी हिरवा ठिपका बघा, आपल्याला तो फार उपयोगी आहे. हिरवा ठिपका म्हणजे त्यात दूध, मध, मेण, लाख असलं सोडून प्राण्याचं काहीच नाही, म्हणजे जिलेटिन नाही, चरबी नाही. तपकिरी त्रिकोण असेल तर मात्र मागचं बारीक अक्षर वाचा.

नमाजबद्दल. गीतांजली नागपूरच्या पुढे साधारण पूर्वेकडेच जाते, म्हणजे किबला (नमाज पढायची दिशा) गाडीच्या मागच्या बाजूला येतो. इंजिनाकडे पाठ होईल अशा बर्थवर बसलात की तोंड पश्चिमेला. कल्याण ते भुसावळ मात्र गाडी ईशान्येला जाते, घाटात वळते, तिथे बघून घ्या. फोनमधला कंपास डब्याच्या लोखंडाने भरकटतो, दिवसा सूर्यावरून दिशा धरलेली बरी. उभं राहून पढता आली तर उभं राहून, पण अम्मींना हलत्या गाडीत तोल जायची भीती असेल तर बसून, याबद्दल तुमच्या मशिदीच्या इमामांना निघायच्या आधी विचारून घ्या कारण मसलकप्रमाणे (पंथाप्रमाणे) फरक आहे. आम्ही कोकणी शाफई, प्रवासात जोहर-असर (दुपारच्या दोन नमाज) एकत्र आणि मगरिब-ईशा (सूर्यास्ताची आणि रात्रीची) एकत्र करतो, त्यामुळे आमचं सोपं जातं. तुम्ही कराडकडच्या म्हणजे हनफी असणार, तुमच्यात तसं एकत्र करत नाहीत, पण कसर (प्रवासातली लहान नमाज) आहेच, चारच्या जागी दोन रकात. दहा दिवसच राहणार म्हणजे पंधराच्या आतच, तर कोलकात्यात पण एकट्याने पढताना कसरच.

वुजूसाठी (नमाजाआधी हातपाय धुवायला) एक लिटरची बाटली वेगळी ठेवा, टॉयलेटजवळच्या बेसिनचं पाणी पहाटे संपलेलं असू शकतं. आणि रस्त्यात, दरवाजापाशी जानमाज (नमाजाची सतरंजी) टाकू नका. लोकांना जायला यायला अडचण होते, शिवाय हल्ली कोण व्हिडिओ काढून काय करेल सांगता येत नाही. आपल्या बर्थवर निवांत पढा. समोरच्याला आधी सांगितलं की "दहा मिनिटं नमाज पढते" तर लोक स्वतःहून पाय वर घेतात, असाच अनुभव आहे माझा, अगदी दरवेळी.

सह्याद्री_एक्सप्रेस

एवढं सगळं कशाला? मुसाफिरला माफी आहे ना रोजाची. म्हाताऱ्या माणसाला शुगर असताना दीड दिवसाच्या प्रवासात उपाशी ठेवायचं म्हणजे काय. नंतर कजा करता येतो, म्हणजे तो रोजा दुसऱ्या दिवशी भरून काढता येतो.

ताजबाग_नागपूर

दादा, माफी आहे हे बरोबर, सूरह बकरामध्येच आहे की आजारी असेल किंवा प्रवासात असेल त्याने दुसऱ्या दिवसांत मोजणी पूर्ण करावी. पण यांच्या बाबतीत एक बारीक गोष्ट आहे. गाडी सकाळची, सेहरी घरी होणार आणि फजर (पहाटेच्या नमाजाची वेळ) पण पनवेलमध्येच होणार. फजरच्या वेळी माणूस घरीच असेल आणि नंतर निघाला तर त्या दिवसाचा रोजा नुसत्या प्रवासाच्या कारणाने सोडता येत नाही, हनफी पण असंच सांगतात, शाफई पण. दुसऱ्या दिवसाचा मात्र नाही ठेवला तरी चालतं कारण फजरला गाडीतच आहेत. म्हणजे खरी सवलत दुसऱ्या दिवशीची आहे. आजारपणाची सवलत वेगळी, ती पहिल्या दिवशी पण लागू आहे, तब्येत बिघडायला लागली तर प्रवास असो नसो रोजा सोडायचाच. तुमच्या मौलानांकडून एकदा खात्री करून घ्या आणि शक्य असेल तर त्यांनाच अम्मींशी बोलायला सांगा. मोठ्यांना सुनेने सांगितलेलं वेगळं वाटतं आणि इमामसाहेबांनी सांगितलेलं वेगळं.

शुगरचं, माझ्या घरात पण आहे म्हणून सांगते. मशीन सोबत ठेवा. बोटाला टोचून रक्त तपासल्याने रोजा तुटत नाही, हे बऱ्याच वडीलधाऱ्यांना माहीत नसतं आणि म्हणून ते दिवसभर तपासतच नाहीत. ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर गेली तर तिथेच रोजा सोडायचा, डॉक्टर हेच आकडे सांगतात. थरथर, घाम, चक्कर आली तर आकड्याची पण वाट बघू नका. गोळीची वेळ सेहरीची की इफ्तारीची हे निघायच्या आधी डॉक्टरांना विचारून लिहून घ्या, त्यात हे पण सांगा की प्रवासाच्या दिवशी इफ्तारी वीस-पंचवीस मिनिटं लवकर आणि दुसऱ्या दिवशी सेहरी पाऊण तास लवकर होणार आहे.

इफ्तारीचं जेवण नागपूरच्या भरवशावर ठेवू नका हं, रोजा नागपूरच्या आधीच सुटणार. खजूर, पाणी, कापलेली फळं, थोडे भिजवलेले चणे एवढं हाताशी ठेवा, त्याने रोजा सोडा, मगरिब पढा आणि मग नागपूरला आलेलं गरम जेवण घ्या. इ-केटरिंगची ऑर्डर नागपूरसाठीच टाका, गाडी तिथे थांबते पण आणि पर्याय पण भरपूर दिसतात. फक्त डिलिव्हरीवाल्याचा नंबर सेव्ह करा आणि गाडी लेट असेल तर स्वतः फोन करून सांगा. माझं एकदा जेवण आलंच नाही, गाडी निघून गेली, पैसे परत मिळाले पण पोट रिकामं राहिलं. म्हणून सोबत एक वेळचं कोरडं जेवण असलंच पाहिजे. दशम्या करून न्या, दुधात भिजवलेल्या असल्या की दोन दिवस मऊ राहतात, सोबत शेंगदाण्याची चटणी, उकडलेली अंडी पहिल्या रात्रीपर्यंतच खा. सेहरीला दशमी, दही मिळालं तर दही, आणि केळं अम्मींना अर्धंच. खिमा, सुकं मटण वगैरे एसी डब्यात उघडू नका, वास कोंडून राहतो आणि शेजारचे सहन करतात बिचारे.

कृष्णाकाठची

जजाकल्लाह सगळ्यांना, खरंच. पहिल्या दिवसाचं फजरचं मला अजिबात माहीत नव्हतं, मी दोन्ही दिवस सुटतील असंच धरून चालले होते. आजच इमामसाहेबांकडे मिस्टरांना पाठवते. गावांच्या वेळांची चिठ्ठी पण करते. आता विमानाचं कुणी सांगेल का? नणंद म्हणते की कोलकात्याच्या वेळेने सोडायचा रोजा कारण तिथून निघालोय, आणि मिस्टर म्हणतात मुंबईच्या वेळेने कारण तिथे उतरणार.

खिडकीवाला

दोन्ही नाही ताई. तुम्ही जिथे आहात तिथून सूर्य मावळलेला दिसला पाहिजे. विमान जमिनीवर असतानाच मावळला तर तिथेच सोडा. पण तुमची फ्लाइट साडेपाचची आहे आणि मार्चच्या मध्याला कोलकात्यात सूर्य पावणेसहाच्या सुमाराला मावळतो, म्हणजे वेळेवर उडालात तर सूर्य अजून वर असणार. मग दोन गोष्टी होतात. एक तर एवढ्या उंचीवरून क्षितिज खाली जातं त्यामुळे सूर्य जमिनीपेक्षा जास्त वेळ दिसतो, दहा-बारा मिनिटं तरी. दुसरं म्हणजे तुम्ही पश्चिमेला, सूर्याच्या मागे मागे चाललाय, त्यामुळे तो लवकर बुडतच नाही. कोलकात्यात इफ्तारी झाल्यावर सुद्धा विमानात अर्धा-पाऊण तास थांबावं लागेल असं धरून चला, नक्की वेळ विमान किती उशिरा उडतं त्याच्यावर. म्हणून अम्मींना त्या दिवशी रोजा लांबणार हे आधी सांगा, आणि शुगर असताना तो दिवस ठेवायचा का हे पण ठरवा, प्रवास आहेच म्हणजे सवलत आहे.

सीट उजव्या बाजूची खिडकीची घ्या, एफ. सूर्य विमानाच्या नाकाच्या थोडा उजवीकडे असतो, डावीकडून काही दिसणार नाही. खिडकीतून तो पूर्ण बुडाला की बिस्मिल्ला. बसल्या बसल्या क्रूला सांगून ठेवा की रोजा आहे, ट्रॉली आधी आली तर आमचं नंतर द्या आणि पाण्याचे दोन ग्लास मात्र आत्ताच द्या. आजपर्यंत कुणी नाही म्हटलेलं मला आठवत नाही.

जेवणाचं, स्वस्तातल्या एअरलाइनमध्ये आधी बुक करून ठेवायचं नाहीतर विकत घ्यायचं, देशातल्या फ्लाइटला व्हेज घ्या आणि सोबत स्वतःचा डबा ठेवा, डबा न्यायला हरकत नसते. पुढेमागे परदेशी किंवा उमराहला जाल तेव्हा तिकिटात एमओएमएल हा कोड टाकायचा, मुस्लिम मीलचा कोड आहे तो, जगभर चालतो, पण आधी सांगावा लागतो, चोवीस ते अठ्ठेचाळीस तास तरी. विमानात बसल्यावर मागून मिळत नाही. एअर इंडियाने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं होतं की आधी बुक केलेल्या एमओएमएल जेवणालाच हलाल सर्टिफिकेट असेल, आणि जेद्दा, मदिना, रियाध, दम्मामच्या फ्लाइट्सवर सगळंच जेवण हलाल. म्हणजे सौदीला जाताना वेगळं सांगायची गरज नाही, लंडनला जाताना आहे. तेव्हा यावरून बरीच आरडाओरड झाली होती, मला मात्र हे सरळ वाटलं, कुठल्या ट्रेमध्ये काय आहे ते आधीच कळतं.

सॉल्टलेककर

मी सोलापूरचा, नोकरीमुळे कोलकात्यात. ताई, हावड्याला उतरल्यावर पिवळ्या टॅक्सीच्या रांगेत उभं राहायची गरज नाही, स्टेशनलाच मेट्रो आहे, हुगळीच्या खालून जाते, मार्च २०२४ मध्ये सुरू झाली आणि आता पार सेक्टर फाइव्हपर्यंत जाते. सामान कमी असेल तर तीच घ्या, लिफ्ट आहे, अम्मींना जिना चढायला लागणार नाही.

खाण्याची इथे काळजीच करू नका, इथे हलाल शोधावं लागत नाही. रमजानमध्ये जकारिया स्ट्रीटला एकदा जाऊन याच. नाखोदा मशिदीच्या आजूबाजूची गल्ली आहे, ही मशीद १९२६ मध्ये कच्छी मेमन लोकांनी बांधायला घेतली, आपल्या मुंबईत पण तेच मेमन. हलीम, सुतली कबाब, शीरमाल, बाकरखानी, माही अकबरी म्हणून तळलेला मसाल्याचा मासा, सगळं रस्त्यावर समोर बनतं. बिर्याणीत बटाटा निघेल, घाबरू नका, इथली तशीच असते. महात्मा गांधी रोड मेट्रो स्टेशनवरून चालत जाता येतं.

अम्मींना मात्र इफ्तारीच्या वेळेला तिथे नेऊ नका, पाऊल ठेवायला जागा नसते. असरच्या आधी जा, शीरमाल-बाकरखानी बांधून घ्या आणि इफ्तारीला घरी या. सुतली कबाब तुमच्या नंदोईंना नंतर आणायला पाठवा, तो गरमच खायचा असतो. आणि इथली इफ्तारीची वेळ पावणेसातची नाही बरं का, पावणेसहाला अजान होते, पहिल्या दिवशी सगळ्या मुंबईकरांची धावपळ होते. परत जायच्या दिवशी विमानतळावर साडेतीनपर्यंत पोचा आणि असर तिथेच पढून घ्या, प्रेयर रूम कुठे आहे ते चेक-इन काउंटरवरच विचारा.

कृष्णाकाठची

सॉल्टलेककर दादा, एकच विचारायचं राहिलं, शीरमाल दोन दिवस टिकतो का? परत येताना शेजाऱ्यांसाठी आणावा म्हणते.

सॉल्टलेककर

टिकतो, कागदात गुंडाळून डब्यात ठेवा, प्लॅस्टिकमध्ये घाम येतो त्याला. खाताना तव्यावर तुपाचा हात लावून गरम करा. निघायच्या आदल्या दिवशी घ्या, आधी घेऊन ठेवू नका.